एंजल माशांची अंडी चौथ्यांदा गेली. दोष टँकरच्या पाण्याचा का?

टँकवाली (कोथरूड, पुणे) · ६ एप्रिल

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, कारण छोटा करून विचारला की "पाणी बदला" एवढंच उत्तर येतं आणि पाणी बदलून बदलून माझी कंबर गेली आहे.

टँक दोन फूट बाय सव्वा फूट, उंची दीड फूट, म्हणजे शंभरएक लिटर. स्पंज फिल्टर, हीटर २८ वर. आत फक्त एंजलची जोडी, एक काळ्या पट्ट्यांचा चंदेरी आणि एक मार्बल. एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) होता, तो पहिल्या अंड्यांनंतर शेजारी देऊन टाकला, कारण रात्री तोच अंडी चरतो असं सगळे म्हणाले. जोडी दिवाळीत घेतली. "प्रूव्हन पेअर आहे मॅडम, एकदा अंडी घालून झालीयत" म्हणत दुकानदाराने चौदाशे घेतले. चंदेरी अंगाने मोठा, कपाळ जरा फुगीर, तो नर. मार्बल मादी. घरात साहेब आणि बाईसाहेब म्हणतात.

अंडी घालण्यात कसूर नाही. आधी दोन दिवस दोघं तोंडाने दगड घासून काढतात. दगड म्हणजे ओटा केला तेव्हा उरलेला कडप्प्याचा वीतभर तुकडा, काचेला तिरका टेकवून ठेवलाय. मग दुपारी चारच्या सुमाराला सुरुवात. खालून वर हळूहळू सरकत एकेक ओळ घालायची, मशीनवर टीप मारावी तशी. एक बाजूला झाला की दुसरा त्याच जागेवरून जातो. साडेसहा वाजतात. त्यानंतर दोघं परांनी वारा घालत उभे, आणि मी हात घातला तर चक्क चावतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंडी दुधाळ. तिसऱ्या दिवशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, वर कापूस धरलेला. मग दोघं मिळून सगळं साफ करतात.

पहिल्या वेळी काहीच केलं नाही. दुसऱ्या वेळी दगड काढून बादलीत ठेवला, मेथिलीन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) घातलं, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन सोडला. (मावशींनी विचारलं, "ताई, नीळ करून ठेवलीय, पांढरे कपडे कुठेत?") ती अंडीही गेली. फरक एवढाच की पांढरी न होता झाडून सगळी गडद निळी झाली. तिसरी खेप मार्चमधली. तोवर आमच्या सोसायटीत टँकर सुरू झाले होते. कॉर्पोरेशनचं पाणी टीडीएस पेनवर (त्यावर पाण्यातले क्षार कळतात) ९० च्या आसपास दाखवतं, टँकरची भर पडली की ४०० च्या वर. म्हणून निम्मं आर.ओ.चं पाणी घातलं. तरी तेच. त्या वेळी एक गंमत झाली. रविवारी दगडावर घातली आणि सोमवारी परत हीटरच्या काचेवर. राहिलेली असतील म्हणून सोडून दिलं.

चौथी खेप परवाची. मोबाइलवर फोटो काढून, चौकोन पाडून मोजली. ५६० भरली. आज सकाळी सगळी पांढरी.

मला टँकरच्या पाण्यावर संशय आहे. पूर्ण आर.ओ. वापरू का? की कडप्पा चुकला? मुलगी म्हणते, आई, नाद सोड. सुटत नाही.

---

बोअरचं_पाणी (सोलापूर) · ६ एप्रिल

ताई, आधी कडप्प्याचं बोलतो. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, तेवढा हक्क द्या. कडप्पा काय आणि शहाबाद काय, दोन्ही मुळात चुनखडकच. दगडाच्या कडेला चाकूने खरवडून भुकटी काढा, वर लिंबू पिळा. बुडबुडे आले की चुना आहे असं समजा. पण म्हणून घाबरू नका. चुना सुटतो तो आम्लधर्मी पाण्यात. तुमचं पाणी पीएच सात-साडेसातच्या पुढे असेल तर वीतभर तुकडा शंभर लिटरचं काही वाकडं करत नाही.

दुसरं, टीडीएस पेन कडकपणा मोजत नाही. ते पाण्यातून वीज किती वाहते ते बघतं आणि त्यावरून सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतं. त्यात चुना किती, मीठ किती, ते सांगत नाही. कडकपणासाठी थेंबांचं टेस्ट किट मिळतं. नाहीतर आपली जुनी रीत, साबणाला फेस येतो का पाहा.

नुसतं आर.ओ. मात्र कृपा करून घालू नका. त्यात पीएचला धरून ठेवणारं काही उरत नाही. चार दिवस बरं दिसतं आणि मग एका रात्रीत घसरतं.

माझं विचाराल तर मी पाण्याशी भांडणच सोडलं. आमच्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी इतकं जड की गीझरची कॉइल वर्षात पांढरी होते. पहिली चार वर्षं याच पाण्यात रॅम हा मऊ पाण्यातला मासा वाढवायचा हट्ट केला, पैसे बुडवले. मग मासाच बदलला. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा पीएच आठच्या आसपास, तिथल्या माशांना जड पाणी चालतं. तिथले इलेक्ट्रिक यलो आणले. आता बोअरचं पाणी थेट टँकमध्ये. त्यांची मादी अंडी तोंडात धरते. नराच्या खालच्या परावर अंड्यासारखे ठिपके असतात. ती ते अंडं समजून टिपायला जाते आणि तेव्हाच तोंडातल्या अंड्यांचं फलन होतं. मग तीन आठवडे जवळपास उपाशी, गळा फुगलेला. आमच्या घरी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हिला वाटलं गालगुंड झालं.

पण तुमचे एंजल इथल्याच टाक्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले असणार, ॲमेझॉनमधून कुणी धरून आणलेले नाहीत. ४०० टीडीएसला ते अंडी फळवतात. डिस्कससारखा पाण्याला नाजूक मासा असता तर पाण्यावर जास्त संशय घेतला असता. तेव्हा पाणी सोडून दुसरं काही शोधा.

---

भिगवणकर · ७ एप्रिल

तुमचे एंजल सिक्लिड घराण्यातले. आम्हाला सिक्लिड ठाऊक आहे तो ताटातला. चिलापी! तीही याच घराण्यातली, आणि तीही तोंडातच अंडी धरते. १९५२ साली देशात आणली म्हणतात, आता उजनीत जाळं टाका, दुसरं काही लागायच्या आधी ती लागते. तिला ना आर.ओ. लागतं, ना निळं औषध. चालू द्या तुमचं.

---

गॅलरीतले_एंजल (ठाणे) · ७ एप्रिल

टँकवाली ताई, चौदा वर्षं झाली, गॅलरीत एंजलच करतोय, दुकानांना देतो. तुमची पोस्ट दोनदा वाचली. उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे.

५६० अंडी. एवढ्या टँकमधल्या वर्ष-दीड वर्षाच्या मादीची मी दोनशे-तीनशे धरतो. एखादी थोराड मादी जास्त देईलही, पण ५६० म्हटलं की माझे कान टवकारतात.

रविवारी दगडावर, सोमवारी हीटरवर. एक मादी एकदा बसली की दोन-तीन तासांत मोकळी होते. राहिलेली अंडी दुसऱ्या दिवशी घालत नाही. पुढची खेप आठ-पंधरा दिवसांनी.

निळ्या पाण्यात झाडून सगळी निळी. फळलेलं जिवंत अंडं मेथिलीन ब्लूमध्ये मधासारखं पिवळसर राहतं, मेलेलं किंवा न फळलेलं निळा रंग पिऊन घेतं. पाणी वाईट असेल, बुरशी असेल, नर अर्धवट असेल, तरी पाच-पंचवीस अंडी टिकतात. चार खेपांत एकसुद्धा टिकत नाही म्हणजे फलनच होत नाही.

तुमचे साहेब बाईच आहेत.

नर नसला की दोन माद्या जोडी जमवतात. दगड घासतात, आळीपाळीने घालतात, राखण करतात, तुम्हाला चावतातही. संसार अगदी साग्रसंगीत. पुढच्या खेपेला अंडी घालायच्या आदल्या दिवशी टॉर्च घेऊन बसा. पोटाखाली, मधल्या पराच्या जरा आधी, एक छोटी नळी बाहेर येते. मादीची जाड आणि बोथट, वापरलेल्या पेन्सिलीच्या टोकासारखी. नराची बारीक, टोकदार, पुढे झुकलेली. कपाळावर जाऊ नका. ते खाण्यापिण्यानेही फुगतं.

---

टँकवाली · ७ एप्रिल

हे काय भलतंच. दुकानदाराने प्रूव्हन पेअर म्हणून दिली होती हो.

आणि साहेबांचं वागणं नराचंच आहे. पुढे पुढे करतात, बाईसाहेबांना ढोसतात, जेवायला आधी येतात.

---

गॅलरीतले_एंजल · ७ एप्रिल

त्याने खोटं सांगितलं असंच काही नाही. त्याच्याकडेही दोघींनी अंडी घातली असतील, त्यालाही जोडी वाटली असेल. प्रूव्हन कधी म्हणायचं? पिल्लं पोहलेली दिसली की. अंड्यांवर मी पैसे देत नाही.

जेवायला आधी येण्याचं म्हणाल तर आमच्याही घरात नर शेवटीच जेवतो.

---

काळुंदर (म्हापसा) · ९ एप्रिल

माझा एंजलचा अनुभव शून्य. पण नर-मादी ओळखण्यात मी फसलोय, म्हणून लिहितो.

आपल्या देशाचे स्वतःचे सिक्लिड मोजून तीन. एक आमचं काळुंदर, केरळात करीमीन, २०१० पासून त्यांचा राज्यमासा. शास्त्रीय नावात सुरत आहे, पण मासा दक्षिणेचा, नाव ठेवताना गोंधळ झालेला. दुसरा कर्नाटकातला कॅनरा पर्लस्पॉट. आणि तिसरा बोटभर लांबीचा नारिंगी क्रोमाइड, तो मी पाळतो. कोचीहून चार आणले, चारही सारखे. नर-मादी बाहेरून कळतच नाही. दोन जमले म्हणून बाकीचे दोन मित्राला दिले. सहा महिने काही नाही. आणि मित्राकडच्या दोघांनी तिसऱ्या आठवड्यात पिल्लं काढली!

पुन्हा सहा आणले आणि आपली आपली जोडी जमू दिली, तेव्हा काम झालं. पाण्यात थोडं मीठ घालतो, खाडीचा मासा आहे. पिल्लं पोहायला लागली की आईबापाच्या अंगाला तोंड लावून चिकटपणा टिपत फिरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं अंगावर किडे पडलेत. औषध घालायला निघालो होतो.

तुम्हीही जोडी विकत घेऊ नका. सहा लहान घ्या.

---

टँकवाली · १९ एप्रिल

काल रात्री नऊपासून टॉर्च घेऊन बसले. मुलीला मोबाइल धरायला लावला.

बाईसाहेबांची नळी जाड. ते ठरलेलंच. साहेब बराच वेळ फिल्टरमागे जाऊन उभे. साडेदहाला बाहेर आले आणि दगडासमोर तिरके झाले. तीही जाड. अगदी तशीच, पेन्सिलीच्या बोथट टोकासारखी. आज दुपारी दोघींनी घातली. या वेळी ओळीकडे न बघता खाली बघत होते, साहेब सरकले की मागे नवी अंडी चिकटलेली दिसत होती. इतक्या वेळा समोर बसून पाहिलं आणि एकदाही दिसलं नव्हतं.

दुकानात फोन केला. ते म्हणतात, बदलून देतो, दोन्ही घेऊन या. दोन्ही द्यायच्या जिवावर आलंय.

सहा लहान घेतले तर वाढायला किती दिवस? आणि नुसता एक नर आणून सोडला तर?

---

गॅलरीतले_एंजल · १९ एप्रिल

रुपयाएवढे घेतलेत तर आठ-दहा महिने, आणि एवढ्या टँकमध्ये सहा मोठे मावणार नाहीत. नर थेट सोडलात तर दोघी मिळून त्याला कोपऱ्यात दाबतील, सकाळपर्यंत पर फाटलेले.

माझ्याकडे एक काळा नर विधुर झालाय. पिल्लं काढलेला, मी डोळ्यांनी पाहिलेला. अदलाबदल करा. तुमच्यातली एक मला द्या. कुठली ते तुम्ही ठरवा. टँकमध्ये मध्ये जाळी लावा, दहा दिवस एकमेकांना नुसतं बघू द्या. जाळीला चिकटून दोघं समोरासमोर उभे राहायला लागले, ढुशा थांबल्या, की काढा.

नवी जोडी पहिल्या एक-दोन खेपा खाईल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. रात्री खोलीत मंद दिवा ठेवा. अंधार झाला की त्यांना अंडी दिसत नाहीत, बिथरतात आणि खातात.

---

टँकवाली · १५ जून

उशिरा लिहितेय, पण ज्यांनी मदत केली त्यांना सांगायला हवं.

बाईसाहेब ठाण्याला गेल्या. नियमाने साहेबांना पाठवायला हवं होतं, ते मोठे, दणकट. पण जमलं नाही. काळा नर १ मेला आला. बारा दिवस जाळी ठेवली. पहिले चार दिवस साहेब जाळीला धडका देत होते, पाचव्या दिवसापासून पलीकडे बघत नुसते उभे.

२४ मेला पहिली अंडी. या वेळी फरक लगेच कळला. साहेब ओळ घालून बाजूला झाले की काळा अंग दगडाला जवळजवळ घासत त्याच ओळीवरून जायचा आणि मागे नवीन काही दिसायचं नाही. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस पांढरी, बाकीची स्वच्छ, गुळाच्या पाकाच्या रंगाची. तिसऱ्या दिवशी सकाळी दगड रिकामा. मंद दिवा लावायला विसरले होते, दुसरं काय.

४ जूनला परत घातली. या वेळी धीर धरला नाही. दगड उचलून दहा लिटरच्या काचेच्या बरणीत, टँकचंच पाणी, मेथिलीन ब्लूचे थेंब, एअरस्टोन. (मावशी काही बोलल्या नाहीत. सवय झाली.) ६ तारखेला प्रत्येक अंड्यात काळा ठिपका. ७ ला पहाटे चारला उठून पाहिलं तर दगडावर सगळीकडे शेपट्या थरथरत होत्या. डोकं चिकटलेलं आणि शेपूट हलतंय. चार-पाच दिवस तशीच लटकून राहतात आणि पोटातल्या पिवळ्या बलकावर जगतात हे वाचलं होतं, तरी दर दोन तासांनी जाऊन बघत होते. रोज थोडं पाणी काढून टँकचं घातलं, निळेपणा उतरत गेला. १२ तारखेला सकाळी दगड सोडून सगळी पोहत होती. दीडशेच्या आसपास असतील. हलतात, मोजता येत नाहीत.

पिल्लांच्या खाण्यासाठी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, अंड्यांतून काढायचे) आदल्या दिवशीच लावला होता. लिटरभर पाण्यात पोह्यांचे दोन चमचे मीठ, उलटी टांगलेली शीतपेयाची बाटली, खालून हवा. चोवीस तासांनी हवा बंद करून तळाशी बॅटरी धरली की जिवंत पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, टरफलं वर तरंगतात. नळीने खालचं काढून, चहाच्या गाळणीवर रुमाल ठेवून गाळते. (गाळणी आता परत चहाला घेणार नाही, असं घरात लेखी द्यावं लागलं.)

सोलापूरच्या सरांसाठी: आमचे टँकर अजून चालूच आहेत. आज पेनवर ४३०. त्यातच फळली. आणि भुकटीवर लिंबू पिळलं, बुडबुडे आले. कडप्पा तिथेच ठेवलाय.

---

बोअरचं_पाणी · १५ जून

शाब्बास. बुडबुड्यांचा फोटो टाका, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवतो. बरणीतलं पाणी मात्र रोज निम्मं बदला. उरलेला आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरतो आणि लगेच कुजतो.

---

गॅलरीतले_एंजल · १६ जून

बाईसाहेब मजेत. इथे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या एका मार्बल नराशी जमलं. खाल्ली दोनदा. होईल.

पिल्लांची पोटं बघा. खाल्लेलं असेल तर केशरी दिसतात. पांढरट पोटाची बरणीच्या कडेला पडलेली दिसली तर ती खात नाहीयेत, त्यांच्यामागे लागू नका. आणि एक महिन्याने दीडशे एंजल कुठे ठेवणार, ते आत्ताच ठरवा.

---

टँकवाली · १६ जून

आत्ता भिंग घेऊन पाहिलं. केशरी आहेत. पाच-सहा सोडून सगळी.

ठेवणार कुठे ते मुलगी विचारतेय, दुकानदारही विचारतोय. त्याला म्हटलं, पन्नास घे, पण पाटीवर प्रूव्हन पेअर लिहायचं नाही. घरात त्यांना अजून साहेबच म्हणतात. आज सकाळपासून साहेब परत दगड घासतायत.